चहाने मधुमेह टळतो का, आणि झालेला मधुमेह आटोक्यात राहतो का?

उंबरठ्यावर:

नमस्कार. माझे वय ४६ वर्षे आहे. गेल्या महिन्यातील तपासणीत माझी उपाशीपोटीची रक्तशर्करा ११२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आली. ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. वजन उतरवण्याचा आणि रोज चालण्याचा सल्ला देऊन त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले आहे. अजून गोळ्या सुरू केलेल्या नाहीत.

मी दिवसाला साधारण पाच कप चहा पितो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. आता चहा बंदच करावा, असे घरात काहींचे म्हणणे आहे, तर चहातच मधुमेह रोखण्याचा गुण आहे, फक्त प्रकार बदलावा, असे इतर सांगतात. दोन्ही बाजू ‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ हेच वाक्य पुढे करतात. त्या संशोधनात नेमके काय सापडले आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

खरी काळजी मात्र थोरल्या भावाची आहे. दादाला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तो मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या घेतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने दोन महिन्यांपासून ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत, आणि गेल्या आठवड्यात बोलता बोलता त्याने सांगितले की संध्याकाळची मेटफॉर्मिन त्याने आपल्याच मनाने बंद केली आहे. डॉक्टरांना यातले काहीच माहीत नाही. मी विरोध केला तर तो दुखावला जातो, आणि त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे पक्की माहिती नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


मोजमाप:

आपण ज्याला ‘संशोधनात सिद्ध’ म्हणता, त्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे अभ्यास एकत्र मिसळले गेले आहेत आणि बराचसा गोंधळ तिथेच आहे. रोगसाथशास्त्रातील आकडेवारी हेच माझे काम असल्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रकारात हजारो निरोगी माणसांना त्यांच्या खाण्यापिण्याविषयी विचारतात आणि पुढील काही वर्षांत कुणाला मधुमेह झाला याची नोंद ठेवतात. २००६ साली प्रसिद्ध झालेला जपानमधील अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. त्यात ४० ते ६५ वयाच्या १७,४१३ व्यक्ती होत्या आणि पाच वर्षांत त्यांपैकी ४४४ जणांनी मधुमेह झाल्याचे कळवले. दिवसाला सहा किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण, आठवड्याला एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळले. काळ्या आणि ऊलाँग (हिरव्या व काळ्याच्या मधला प्रकार) चहाचा असा संबंध मात्र त्याच अभ्यासात दिसला नाही, आणि ही दुसरी ओळ सहसा कुणी सांगत नाही. युरोपातील आठ देशांमधील मोठ्या अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, चार किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी दिसला. २०२२ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या युरोपीय मधुमेह परिषदेत चीनमधील संशोधकांनी आठ देशांतील १९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण मांडले होते. त्यात १० लाख ७६ हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि सरासरी दहा वर्षांत, चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा धोका १७ टक्क्यांनी, तर एक ते तीन कप पिणाऱ्यांचा केवळ ४ टक्क्यांच्या आसपास कमी आढळला.

त्याच संशोधकांनी त्याच वेळी सादर केलेली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी स्वतः चीनमधील ५,१९९ प्रौढांचा १९९७ ते २००९ या काळातील मागोवा घेतला होता, आणि त्यात चहा पिणारे व न पिणारे यांच्या मधुमेहाच्या प्रमाणात फरक सापडला नव्हता. शांघायमधील स्त्री-पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात तर ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण किंचित अधिक निघाले. म्हणजे एकाच पेयाविषयी तिन्ही प्रकारची उत्तरे मिळालेली आहेत. चहाचा परिणाम मोठा आणि ठाम असता, तर उत्तरे इतकी पांगली नसती.

टक्क्यांविषयी एक सावधगिरी सांगतो. ‘३३ टक्क्यांनी कमी’ हे ऐकताना प्रत्येक तीन माणसांमागे एक वाचला असे वाटते, परंतु जपानच्या त्या अभ्यासात पाच वर्षांत मधुमेह झालेल्यांचे प्रमाण मुळातच शंभरात अडीचच्या आसपास होते. समजा चहा न पिणाऱ्या हजार जणांपैकी तीस जणांना मधुमेह झाला असता, तर भरपूर ग्रीन टी पिणाऱ्या हजारांपैकी तो वीस जणांना झाला. उरलेल्या ९७० जणांना चहा न पिताही झाला नव्हता. शिवाय ते दहा जण चहामुळेच वाचले, हेही या पद्धतीने ठरवता येत नाही, कारण जे बिनसाखरेचा चहा दिवसभर पितात ते कदाचित गोड पेये कमी पितात, कदाचित अधिक चालतात, कदाचित त्यांचे वजन आधीच कमी असते. संशोधक हे घटक गणिताने वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण जे मोजलेलेच नाही ते वजा करता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट पाडतात आणि एकाला चहा किंवा अर्क, दुसऱ्याला पाणी किंवा निष्क्रिय कॅप्सूल देतात. कार्यकारणभाव शोधायचा असेल तर हाच मार्ग अधिक विश्वासार्ह ठरतो. तैवानमध्ये २००३ साली मधुमेहाच्या २० रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर चार आठवडे रोज दीड लिटर ऊलाँग चहा दिला, तेव्हा त्यांची रक्तशर्करा सरासरी २२९ वरून १६२ वर आली होती. हा आकडा थक्क करणारा आहे आणि म्हणूनच तो सर्वत्र फिरतो, परंतु माणसे वीस आणि काळ चार आठवडे, हे त्याच्यासोबत फिरत नाही. त्यानंतर २००७ साली मधुमेहाच्या ४९ रुग्णांवर, हिरव्या आणि काळ्या चहाच्या मिश्र अर्काचा तीन महिने प्रयोग झाला आणि एचबीए१सीमध्ये कोणताही फरक पडला नाही. २०२० सालच्या एका संकलनात ग्रीन टीवरील २७ प्रयोग आणि २,१९४ व्यक्ती होत्या. उपाशीपोटीची रक्तशर्करा सरासरी दीड मिलिग्रॅमपेक्षाही कमी उतरली, तर इन्सुलिन आणि एचबीए१सी जवळपास होते तिथेच राहिले. आपली ११२ ही संख्या त्या हिशेबाने साडेएकशे दहाच्या आसपास येईल. घरचा ग्लुकोमीटर एका बोटावर लागोपाठ दोनदा लावला, तरी त्याहून मोठा फरक दिसतो.


रेणू:

मोजमाप यांनी आकडे नेमके मांडले आहेत. असे असूनही शास्त्रज्ञ चहाचा नाद का सोडत नाहीत, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे, कारण त्यामागे खरोखरच रसायनशास्त्र आहे आणि ते भाकड नाही.

हिरवा, ऊलाँग आणि काळा हे तिन्ही चहा एकाच झाडाच्या पानांपासून बनतात. पाने खुडल्यावर लगेच उष्णता दिली की त्यांतील विकर (एन्झाइम) निष्क्रिय होते आणि कॅटेचिन नावाची द्रव्ये टिकून राहतात, तो हिरवा चहा होय. पाने चुरगाळून हवेत ठेवली की ऑक्सिडीकरण होऊन कॅटेचिनांचे मोठे रेणू बनतात, ज्यांना थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन म्हणतात, आणि चहाला काळा-तांबूस रंग येतो. ऊलाँग या दोहोंच्या मधे आहे. याखेरीज सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने खऱ्या अर्थाने आंबवलेला गडद चहा असतो. त्याच्याविषयी २०२३ साली हॅम्बुर्ग येथील परिषदेत चीनमधील १,९२३ व्यक्तींचा अभ्यास सादर झाला आणि रोज गडद चहा पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका ४७ टक्क्यांनी कमी, अशी बातमी जगभर पसरली. ती पाहणी एकाच वेळी केलेली होती. आज कोण काय पितो आणि आज कुणाला मधुमेह आहे, एवढेच तिने पाहिले, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे तिच्यावरून कळत नाही.

आता परिणाम कसा घडू शकतो ते पाहू. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करणारी दोन विकरे, अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज, चहातील पॉलिफेनॉलांमुळे (कॅटेचिनांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे) परीक्षानळीत मंदावतात. अकार्बोज हे मधुमेहाचे जुने औषध याच मार्गाने काम करते, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही. कॅटेचिनांपैकी सर्वांत चर्चेत असलेले ईजीसीजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींची ग्लुकोज तयार करण्याची क्रियाही दाबते, असे दिसले आहे.

अडचण मात्रेची आहे. एक-दोन कप ग्रीन टी प्यायल्यावर रक्तातील ईजीसीजीची पातळी एका मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंतही सहसा पोहोचत नाही, आणि पेशींवरील प्रयोगांत ती अनेकदा दहा ते शंभर मायक्रोमोल ठेवलेली असते. आतड्यातून शोषण कमी होते, जे शोषले जाते त्यातील बरेचसे यकृत लगेच रूपांतरित करते, आणि काळ्या चहातील मोठे रेणू तर रक्तात जवळजवळ पोहोचतच नाहीत. म्हणून चहाचे काही खरे काम असेलच, तर ते रक्तापेक्षा आतड्यात, जेवणासोबत किंवा तिथल्या जिवाणूंच्या मध्यस्थीने होत असावे, असे मला वाटते. पण तिथेही माणसांवरील प्रयोग हातचे राखूनच बोलतात. १४ निरोगी व्यक्तींना पांढऱ्या पावासोबत ग्रीन टी दिला, तेव्हा जेवणानंतरच्या साखरेत फरक पडला नाही, पोट भरल्याची भावना मात्र वाढली. माझ्या दृष्टीने हे निरीक्षण दुर्लक्ष करण्याजोगे नाही, कारण पुढचा घास टळला तर त्याचा लाभ मोठा आहे. मात्र त्याला चहातील औषधी द्रव्याचा प्रताप म्हणता येणार नाही.


चौदावे वर्ष:

मी डॉक्टर नाही. मला मधुमेह होऊन चौदावे वर्ष सुरू आहे आणि चहा माझ्या दिवसाचा कणा आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो.

निदान झाले तेव्हा मीही दिवसाला पाच-सहा कप गोड चहा पीत होतो. एकदम साखर सोडणे जमले नाही. मी दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत गेलो आणि चार महिन्यांत साखर पूर्ण सुटली. त्या काळात आहारात दुसरा कोणताही मोठा बदल केला नव्हता, तरीही वजन आणि साखर दोन्ही उतरले. हे श्रेय मी चहाला देत नाही. चहातून जे गेले, त्याला देतो.

पुढचा अनुभव मात्र आपल्या भावासाठी अधिक उपयोगाचा आहे. ग्रीन टीचे गुण वाचून मी तीन वर्षांपूर्वी प्रत्येक जेवणाबरोबर एक मोठा कप कडक ग्रीन टी घेऊ लागलो. सात-आठ महिन्यांनी एचबीए१सी वाढलेले आले, आणि घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे मात्र पूर्वीसारखेच होते. डॉक्टरांनी औषध वाढवण्याआधी रक्ताची संपूर्ण तपासणी करून घेतली, तेव्हा लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाल्याचे निष्पन्न झाले. लोह कमी पडले की लाल पेशींचे सरासरी वय वाढते, त्या ग्लुकोजच्या सहवासात अधिक काळ राहतात आणि एचबीए१सी खोटे वाढलेले दिसू शकते, असे त्यांनी समजावले. माझा आहार शाकाहारी आहे, आणि वनस्पतिजन्य पदार्थांतील लोहाचे शोषण चहा बऱ्यापैकी अडवतो. कमतरतेला चहाच एकटा जबाबदार होता असे त्यांनी म्हटले नाही, परंतु जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवायला सांगितले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या तपासणीत एचबीए१सी मधुमेहाचे औषध न वाढवताच खाली आले.

त्या काही आठवड्यांत, आपण इतके पथ्य पाळूनही साखर वाढतेच आहे, या विचाराने मी खचून गेलो होतो. म्हणून आग्रहाने लिहितो की आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर ते का जुळत नाहीत हे आधी शोधून काढावे.


उंबरठ्यावर:

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप यांनी दिलेला हजार माणसांचा हिशेब मी दादाला कागदावर मांडून दाखवला, आणि पहिल्यांदाच तो शांतपणे ऐकत होता.

दोन शंका उरल्या आहेत. दूध घातल्याने चहाचे गुण नष्ट होतात, असे अनेक ठिकाणी वाचले, ते खरे आहे का? आणि कॅफीनमुळे साखर वाढते असेही म्हणतात. तसे असेल, तर चहाने साखर कमी होते आणि चहातील कॅफीनने वाढते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील?


पथ्यपाणी:

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हे दोन्ही प्रश्न मला जवळजवळ रोज विचारले जातात.

दुधाविषयीच्या समजाचे मूळ बहुधा २००७ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात १६ स्त्रियांना काळा चहा दिल्यावर रक्तवाहिन्या अधिक चांगल्या प्रकारे प्रसरण पावल्या, आणि दूध घातल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. दुधातील केसीन हे प्रथिन कॅटेचिनांना धरून ठेवते, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. मात्र त्या प्रयोगाचा विषय रक्तवाहिन्या हा होता, रक्तशर्करा नव्हे, आणि दुधामुळे कॅटेचिनांचे शोषण घटत नाही असे दाखवणारे प्रयोगही झालेले आहेत. मधुमेहाच्या दृष्टीने मी दुधाचा वेगळा हिशेब करते. १०० मिलिलिटर दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज असते. कपात ५० मिलिलिटर दूध असेल, तर पाच कपांतून सुमारे साडेबारा ग्रॅम कर्बोदके जातात. दुधातील प्रथिनांमुळे ती सावकाश शोषली जातात, म्हणून ती वर्ज्य नाहीत, पण ती दिवसाच्या हिशेबात धरायला हवीत.

साखरेचा हिशेब मात्र खरोखर काळजी करण्यासारखा आहे. आपले पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दहा चमचे, चमच्याला चार ग्रॅम धरले तरी ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी होतात. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले आहे. ती मर्यादा आपण इतर काहीही गोड खाण्यापूर्वीच ओलांडता. चहाची जात बदलावी की नाही यावर जितका विचार चालला आहे, त्याच्या निम्मा जरी या दहा चमच्यांवर झाला, तरी मला समाधान वाटेल. गूळ किंवा मध घालणे हा मात्र उपाय नव्हे, रक्तातील ग्लुकोज त्यांनीही वाढतेच.

कॅफीनविषयी आपण विचारलेला प्रश्न योग्य आहे. २००४ साली मधुमेह असलेल्या आणि नियमित कॉफी पिणाऱ्या १४ व्यक्तींना ३७५ मिलिग्रॅम कॅफीन देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या जेवणानंतरच्या ग्लुकोजची वाढ २१ टक्क्यांनी अधिक झाली. कॅफीनमुळे अॅड्रिनलिन वाढते आणि पेशी इन्सुलिनला काही तास कमी प्रतिसाद देतात. परंतु एका कप काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि हिरव्यात त्याहून कमी, म्हणजे त्या प्रयोगातील मात्रा आठ-नऊ कप चहा पिण्याइतकी होती. तात्कालिक परिणाम एका दिशेने आणि वर्षानुवर्षांचा संबंध दुसऱ्या दिशेने, हे विसंगत वाटले तरी अशक्य नाही. कॉफीबाबतही नेमके असेच आढळते. व्यवहारात मी एवढेच सांगते की ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांनी एक दिवस नाश्त्याबरोबर बिनसाखरेचा चहा घेऊन आणि दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता चहाविना घेऊन दोन तासांनी साखर मोजावी, आणि हे तीन-चार वेळा करावे, कारण एका मोजणीवरून काहीच ठरत नाही. संध्याकाळनंतरचा चहा मात्र मी बहुतेकांना सोडायला लावते. अपुऱ्या झोपेमुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो, आणि तो तोटा ग्रीन टीचा कोणताही गुण भरून काढणार नाही.

आपल्या अवस्थेतील लोकांसाठी सर्वांत भक्कम पुरावा चहाच्या बाहेर आहे. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. ही तुलना चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांमधली आहे, सवयींच्या नोंदींवरची नाही.


मात्रा:

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून रोज रुग्णांना औषधे देण्याचे काम करते. वरील चर्चा मी वाचली. आपल्या दादाविषयी मात्र थोडे तातडीने लिहावेसे वाटते.

कपातील ग्रीन टी आणि कॅप्सूलमधील अर्क यांना एकच समजू नका. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली याचा आढावा घेतला. पारंपरिक पद्धतीने उकळत्या पाण्यात केलेल्या ग्रीन टीतून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जाते आणि ते सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. पूरक गोळ्यांतून मात्र ही मात्रा १००० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते, आणि दिवसाला ८०० किंवा अधिक मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये यकृताची विकरे वाढल्याचे आढळले आहे. उपाशीपोटी कॅप्सूल घेतली तर रक्तात ईजीसीजी कितीतरी अधिक चढते. काही व्यक्तींमध्ये जनुकीय कारणांमुळे कमी मात्रेतही यकृताला इजा झालेली आहे, आणि ती व्यक्ती कोण हे आधी ओळखता येत नाही. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, भूक मरणे, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही जाणवले, तर कॅप्सूल त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना गाठावे.

संध्याकाळची मेटफॉर्मिन बंद करण्याचा निर्णय मला सर्वांत अधिक खटकतो. मेटफॉर्मिन रात्रीच्या वेळी यकृतातून होणारी ग्लुकोजची निर्मिती कमी करते आणि सकाळची उपाशीपोटीची साखर बहुतांशी त्या निर्मितीवरच ठरते. ती गोळी काढून त्या जागी अर्क ठेवणे म्हणजे एचबीए१सी साधारण एक टक्क्याने उतरवणारे औषध सोडून, ज्याने ते उतरल्याचे नीट सिद्धच झालेले नाही, ते घेणे होय. साखर वाढली तरी पहिले कित्येक आठवडे काहीच जाणवत नाही, आणि ‘मला बरे वाटते आहे’ हा पुरावा म्हणूनच धोकादायक ठरतो.

ग्लिमेपिराइडविषयीही एक सूचना आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, खाल्लेले असो वा नसो. दादांनी चहातील साखर आणि जेवणही एकदम घटवले, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे दिसली तर बिनसाखरेचा चहा देऊन काहीही होणार नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. घरात सर्वांना हे ठाऊक असावे.

नॅडोलॉल हे रक्तदाबाचे औषध दिलेल्या निरोगी व्यक्तींमध्ये रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टीमुळे त्या औषधाची रक्तातील पातळी सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आहे, म्हणून दादांची इतर औषधे कोणती आहेत तेही पाहायला हवे. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, थोड्या साध्या पाण्यासोबतच घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास चहादेखील चालत नाही. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीपूर्वीही फक्त पाणी प्यावे. कोरा चहा ‘काही खाल्लेले नाही’ या सदरात बसत नाही.

बाटलीवर ईजीसीजीचे प्रमाण लिहिलेले असेल तर ते कृपया कळवावे.


उंबरठ्यावर:

काल संध्याकाळी दादाकडे जाऊन बाटली पाहिली. एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी असे लिहिलेले आहे आणि तो सकाळी उपाशीपोटी दोन घेतो. मी मात्रा यांचे उत्तर त्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “मला गोळ्यांचा कंटाळा आला होता रे, नऊ वर्षे झाली.” हे त्याने याआधी कुणालाच सांगितले नव्हते. कॅप्सूल आजपासून बंद केल्या आहेत. डॉक्टरांची परवा सकाळची वेळ मिळाली असून मी त्याच्यासोबत जाणार आहे. तोपर्यंत संध्याकाळची गोळी त्याने आपल्या आपण सुरू करावी का?


मात्रा:

४०० च्या दोन म्हणजे नेमके ८००, आणि तेही उपाशीपोटी. बंद केल्या हे उत्तम झाले. गोळीबाबत परवापर्यंत थांबू नका. आजच दवाखान्यात फोन करून, किती दिवस बंद होती आणि सध्या साखर किती आहे हे सांगून विचारा, कारण बराच खंड पडला असेल तर मूत्रपिंडाची चाचणी पाहून किंवा कमी मात्रेपासून ती पुन्हा सुरू करावी की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. सोबत कॅप्सूलची बाटली, सर्व औषधांच्या पाकिटांसह, घेऊन जा आणि एचबीए१सीबरोबर यकृताच्या चाचण्या, रक्ताची संपूर्ण तपासणी व बी १२ जीवनसत्त्वाची चाचणी करून घ्यावी का, असे विचारा. नऊ वर्षे मेटफॉर्मिन घेतलेल्या व्यक्तीत बी १२ कमी झालेले असू शकते आणि त्यामुळेही थकवा येतो. दादांना गोळ्यांचा कंटाळा आला आहे, हेही डॉक्टरांना जरूर सांगा. काही औषधे एका गोळीत एकत्र मिळतात, तर काही दिवसातून एकदाच घेता येतात, त्यामुळे गोळ्यांची संख्या कमी करता येते का हे त्यांना पाहता येईल.